हॅवलॉकला पहिलं स्कूबा: घाई घरी ठेवून निघा

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी येते आणि उकाड्याने वैतागलेल्या आपल्या माणसाला तेवढ्यानेच गार वाटतं. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावर मात्र तेव्हा मोसम संपत आलेला असतो. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत शेवटचा आठवडा साधून आलेली मराठी कुटुंबं मी तिथे बघितली आहेत. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, फेरीबोट रद्द, आणि हॉटेलच्या व्हरांड्यात पत्ते.

म्हणून पहिली पायरी कॅलेंडर. हॅवलॉकला स्कूबा करायचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायचं असेल तर जानेवारी ते एप्रिल हा सगळ्यात भरवशाचा काळ. समुद्र शांत असतो आणि पाण्यात लांबपर्यंत दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत जाता येतं, पण नोव्हेंबर-डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच खराब हवामानात शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकले आणि त्यांना नौदलाच्या जहाजांनी बाहेर काढावं लागलं. पाण्याचं तापमान वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे थंडीची काळजी नको.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून टाकू. २०१८ पासून हॅवलॉकचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावं दिसली तर दचकू नका. बोलताना सगळे अजून जुनीच वापरतात, मीही तेच करणार आहे.

सहलीचा आराखडा उलटा करा

आपल्याकडच्या बहुतेक टूरमध्ये हॅवलॉकला एक किंवा दोन रात्री असतात. सकाळी फेरीतून उतरायचं, दुपारी राधानगर बीच, दुसऱ्या दिवशी सकाळी ‘स्कूबा’, दुपारी परतीची फेरी. या वेळापत्रकात तुम्ही पाण्याखाली जाल, फोटो काढून घ्याल, पण तुमच्या लक्षात काहीही राहणार नाही. एखाद्याचे कान त्या दिवशी बंद असले, समुद्र खवळलेला असला, तर संपलंच. हॅवलॉकला किमान तीन रात्री ठेवा. कोर्स करायचा असेल तर पाच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. डाइव्हनंतर लगेच विमानात बसता येत नाही. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच विमानातल्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतात तसे. एकच डाइव्ह केला असेल तर १२ तास, एकापेक्षा जास्त केले असतील तर १८ तास, असा किमान अंतराचा नियम आहे. मी स्वतः पूर्ण २४ तास सोडते.

म्हणून क्रम उलटा करायचा. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावरून शक्यतो थेट हॅवलॉक गाठा, डायव्हिंग आधी उरका आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवसावर ठेवा. मराठी माणूस तिथे जाणारच असतो, तर तो न उडण्याचा दिवस तिकडे कारणी लागतो. सावरकरांच्या कोठडीपाशी शांतपणे उभं राहायला वेळही मिळतो.

डेमो की कोर्स

हॅवलॉकवर दोन प्रकारचे नवखे येतात. एक ‘ट्राय डाइव्ह’ करणारे. यात काही तासांत थोडं शिकवून प्रशिक्षक तुम्हाला हाताला धरून खाली नेतो. वय किमान १० वर्षं, खोलीची मर्यादा १२ मीटर, आणि पोहता आलंच पाहिजे असं नाही. पाण्याची भीती मात्र फार नसावी.

दुसरा प्रकार ओपन वॉटर कोर्स, पाडी किंवा एसएसआय या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग प्रशिक्षण संस्थांचा. तीन-चार दिवस, थोडी थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि मग समुद्रात चार डाइव्ह. तो पूर्ण केल्यावर मिळणारं कार्ड जगभर चालतं आणि जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची मुभा देतं. यासाठी पोहणं लागतं: २०० मीटर न थांबता आणि १० मिनिटं हातपाय मारत किंवा तरंगत पाण्यावर राहणं. वेगाचं बंधन नाही. सोसायटीच्या तलावात बेडकासारखं पोहणारी माणसंही पास होतात. मी त्यांच्यातलीच एक.

थिअरी मोबाइलवर घरूनच करून जा. सुट्टीतल्या दोन दुपारी खोलीत बसून व्हिडिओ बघण्यात घालवण्यात काय अर्थ आहे? मुंबई-पुण्यात तलावातला सराव करून पुढचे चार डाइव्ह अंदमानात करायची सोयही काही केंद्रं देतात. आधी दोन्हीकडे विचारून ठेवा.

‘मालवणला झालंय आमचं’ असं म्हणणारे बरेच भेटतात. तारकर्ली-मालवणचा डेमो बहुतेक वेळा काही मिनिटांचा असतो आणि तिथल्या पाण्यात दृश्यता कमी असते. तो अनुभव वाईट नाही, पण त्यावरून हॅवलॉकचा अंदाज बांधू नका. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक ही प्रवाळांची मोठी उथळी आहे. पण पर्यटकाला आठवडाभराची सुट्टी टाकून सहज जाता येईल असं ठिकाण अजून तरी अंदमानच.

डॉक्टर, आणि खरं बोलणं

प्रत्येक केंद्र आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, हृदयविकार, फिट्स, फुफ्फुसाचे जुने आजार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, आणि वय ४५ च्या पुढे असेल तर आणखी काही प्रश्न. काही प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. ही प्रश्नावली निघण्यापूर्वी मागवून घ्या आणि घरच्या डॉक्टरांकडूनच सही आणा. बेटावर आयत्या वेळी डॉक्टर शोधत फिरण्यात अख्खी सकाळ जाते. ‘सगळीकडे नाही लिहा’ असा सल्ला कुणी दिला तर ते केंद्र सोडा.

इथे माझी फजिती सांगते. दुसऱ्या सहलीत मला सर्दी होती. पैसे भरलेले, सुट्टी मोजकी, म्हणून नाकात औषधाचे थेंब घातले आणि कुणाला न सांगता बोटीत बसले. उतरताना सगळं ठीक. पाण्याखाली औषधाचा असर ओसरला आणि वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडेना. कानात सळई घातल्यासारखी कळ. प्रशिक्षकाने मला परत थोडं खाली नेऊन, थांबत थांबत वर आणलं. पुढचे दहा दिवस एका कानाने सगळं जग माठात बोलल्यासारखं ऐकू येत होतं. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. हॅवलॉकला तिसरी रात्र ठेवायची ती यासाठीच.

केंद्र निवडताना काय विचारायचं

किमतीपेक्षा आधी हे विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? ट्राय डाइव्हला मला एकास एक हवं असतं, मुलं असतील तर नक्कीच. एका किनाऱ्यावर मी एका माणसाला दोन नवख्यांच्या सिलिंडरना धरून ओढत नेताना पाहिलं आहे. त्यातल्या एकाला काही झालं असतं तर तिसरा हात कुठून आणणार होता तो? मग विचारा की डाइव्ह किनाऱ्यावरून आहे की बोटीतून, पाण्याखाली नक्की किती मिनिटं, बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि काही झालंच तर दाबकक्ष (नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करायची खोली) कुठे. ज्यांना उत्तरं पाठ असतात ते वैतागत नाहीत. फोटो-व्हिडिओ पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, हेही विचारून घ्या, नाहीतर नंतर वाद होतो.

जागेचं म्हणाल तर नवख्यांसाठी बीच नंबर २ जवळचा निमो रीफ उत्तम. वाळूवरून चालत पाण्यात शिरायचं, तळ हळूहळू खोल होत जातो. इथे भरती-ओहोटी बघावी लागते. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की मेलेल्या प्रवाळांच्या खडीवरून बराच वेळ चालत बसावं लागतं. त्यामुळे वेळ रोज सरकते, केंद्राने पहाटे ६ ची वेळ दिली तर कुरकुरू नका. तसंही अंदमानात घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य पाच ते सहाच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला मावळतो. बोटीने जायचं असेल तर लाइटहाउस, अ‍ॅक्वेरियम या जागा सुरुवातीला चांगल्या. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही नावं तुम्ही सगळीकडे ऐकाल. तिथे खरोखर मोठा माल आहे, पण खोली आणि प्रवाह दोन्ही नवख्यांचे नाहीत. कार्ड मिळाल्यावर दहा-पंधरा डाइव्ह करून मग जा.

एलिफंट बीचला पॅकेजवाल्यांचा फार आग्रह असतो. जेट स्की, बनाना बोट आणि आरडाओरडा चालतो त्यांना ठीक आहे. मला नाही.

आदली रात्र आणि सकाळ

दारू नको. रात्री तिखट-तेलकट कमी, झोप पूर्ण. सकाळी केळं, टोस्ट, इडली असं हलकं काहीतरी दीडेक तास आधी. रिकाम्या पोटी बोटीत बसलं तर मळमळ जास्त होते. ज्यांना गाडी लागते त्यांना तिथली डुंगीही (छोटी बोट) लागते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री घ्या, आणि तिने झोप येते हे लक्षात ठेवा.

मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण, जोडवी खोलीवर. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. केस घट्ट बांधा, मास्कच्या कडेखाली दोन केस गेले तरी पाणी झिरपतं. हाच त्रास मिशीवाल्यांना. नाकाखालची एक बारीक पट्टी कापली तर मास्क बसतो, पण या सल्ल्यावर माझ्या दिरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं ती आठवून मी आता फक्त सुचवते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी फोन करून विचारा.

सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. ऑक्सीबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळांना बाधतात आणि चोपडलेल्या चेहऱ्यावरून मास्कही घसरतो.

कंबरभर पाण्यात

खाली जाण्याआधी प्रशिक्षक उथळ पाण्यात सराव घेईल. इथे जेवढा वेळ मागून घ्याल तेवढा पुढचा डाइव्ह सुखाचा.

सगळ्यात आधी तोंडाने श्वास. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं नळीचं टोक) दातांत हलका धरा, चावू नका, ओठ मिटून घ्या. पहिले दोन-तीन श्वास विचित्र वाटतात, कारण नाक मास्कमध्ये बंद असतं आणि शरीर सवयीने नाकच शोधत असतं. लांब श्वास घ्या, त्याहून लांब सोडा. एकच नियम असा आहे की त्याला अपवाद नाही: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. रोखून धरली तर फुफ्फुसाला इजा होते.

मग मास्कमधलं पाणी काढणं. मास्कचा वरचा काठ कपाळावर दाबायचा, मान किंचित वर, आणि नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. हे चार वेळा करा. खाली घाबरण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा नाकाशी आलेलं चमचाभर पाणी हेच असतं.

कान तिसरे. घाटात गाडी उतरताना कानाला दडे बसतात तसंच इथे होतं, फक्त फार लवकर. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंका, कानात ‘टक्’ वाजेल. दुखायला लागण्याआधी, अगदी पहिल्या अर्ध्या मीटरपासून, दर मीटरला हे करत राहा. सर्वांत जास्त फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. नाही सुटलं तर जोर लावू नका. थोडं वर या, पुन्हा करा. कानाकडे बोट दाखवून हात सपाट डावा-उजवा हलवला की प्रशिक्षकाला कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खुणा मोजक्या आहेत, पण एक घात करते. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. आपली माणसं पहिला सुंदर मासा बघून खुशीत अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक बिचारा त्यांना वर घेऊन येतो. ‘सगळं ठीक’साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल.

खाली

उतरताना दोरीकडे किंवा प्रशिक्षकाच्या डोळ्यांकडे बघा. हातांनी पाणी मारू नका, पोटाशी घडी घालून ठेवा. पाय मांडीपासून सावकाश हलवा, गुडघ्यातून सायकल मारू नका. शरीर आडवं ठेवलं की निम्मी मेहनत वाचते. कोर्स करत असाल तर तरंगण्याची गंमत हळूहळू कळेल: श्वास घेतला की एक-दोन सेकंदांनी शरीर वीतभर वर येतं, सोडला की खाली. टाकी धरून ठेवणाऱ्या जाकिटात हवा भरणं-सोडणं हे त्याच्यानंतरचं. घाईने हातपाय मारणाऱ्याची टाकी अर्ध्या वेळात संपते. साधारण २०० बार (टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात) हवा घेऊन निघालेले, ५० बार उरली की वर आलेले असायला हवेत. हवेचा दाब दाखवणारा मीटर अधूनमधून बघायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

काही मीटरवरच लाल रंग विझतो. पाणी आधी तोच प्रकाश शोषून घेतं, म्हणून फोटो हिरवे-निळे येतात. वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, तेव्हा परत येऊन सांगताना माशाची लांबी थोडी कमी करा.

आणि बघा. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं लाल पोवळं नव्हे. तो भूमध्य समुद्रातला वेगळा प्राणी. इथला खडक लाखो बारीक जिवांनी बांधलेला असतो, आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. म्हणूनच प्रवाळ उथळ, स्वच्छ पाण्यात वाढतात. गोल दगडासारखी दिसणारी जात वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. तुमच्या पायातल्या फिनचा एक फटका म्हणजे कुणाच्या तरी वीस वर्षांची कमाई. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा तापलं, शैवालं निघून गेली आणि अंदमानातले मोठे पट्टे पांढरे पडले. काही सावरले, काही नाही. तुम्हालाही राखाडी, मेलेले भाग दिसतील. ते बघून निराश होऊ नका, आणि त्यावर उभेही राहू नका.

समुद्रफुलाच्या, म्हणजे अ‍ॅनिमोन या प्राण्याच्या, झुबक्यातला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश सगळ्यांना ओळखू येतो. त्यांच्यातली सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली की पुढच्या क्रमांकाचा नर मादी होतो. कोकणी जेवणाऱ्यांना तांबोशीचे नातेवाईक लगेच ओळखू येतील. कपारीतून तोंड उघडझाप करणारी वाम धमकावत नसते, ती श्वास घेत असते. पोपटमासा प्रवाळ कुरतडताना ‘करकर’ आवाज चक्क ऐकू येतो. त्याच्या पोटातून बाहेर पडते ती पांढरी वाळू, म्हणजे किनाऱ्यावर ज्या वाळूत तुम्ही फोटो काढले तिचा बराच भाग.

हात कशालाच लावू नका. स्टोनफिश दगडासारखाच दिसतो आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. पिवळसर-काळा मोठा टायटन ट्रिगरफिश अंगावर आला तर वर पळू नका, आडवे सरका. घरट्यावरची त्याची हद्द नरसाळ्यासारखी वर पसरत जाते.

वर येताना सगळ्यात संथ व्हा. आपल्या छोट्या बुडबुड्यांपेक्षा हळू, आणि कोर्सच्या डाइव्हमध्ये ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून.

वर आल्यावर

भरपूर पाणी प्या, त्या दिवशी जड व्यायाम आणि दारू टाळा. सांधे दुखायला लागले, मुंग्या आल्या, चक्कर आली, विलक्षण थकवा वाटला तर ‘उन्हामुळे असेल’ म्हणून झोपून जाऊ नका. लगेच केंद्राला कळवा.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना ते बाजूला काढतात. लहान मुलांचे खिसे आधीच बघून घ्या. शंख विकत घेतला असेल तर दुकानदाराची पावती जपून ठेवा.

आणि संध्याकाळी हॉटेलवर पोचल्या पोचल्या, अंगावरचं मीठ धुण्याआधीच, वहीत चार ओळी लिहा: जागा, खोली, वेळ, सुरुवातीची आणि शेवटची हवा, आणि खाली जाण्यासाठी कमरेला किती किलो शिसं बांधावं लागलं. मासे आठवतात. वजन आठवत नाही, आणि पुढच्या वेळी बोटीवर पहिला प्रश्न तोच विचारतात.